1 वाजून 58 मिनिटांची खूण

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सिडनी बंदराच्या तोंडाशी समुद्रतळावर विजेच्या केबलची वेटोळी अंथरलेली होती. त्यांच्यावरून पोलादी बुडाचे जहाज गेले की केबलमध्ये क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होई आणि किनाऱ्यावरच्या केंद्रात त्याची खूण कागदावर उमटे. 1 जून 1942 रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, 1 वाजून 58 मिनिटांनी अशीच एक खूण उमटली. एक जपानी मिजेट, म्हणजे बुटकी, पाणबुडी बंदरातून बाहेर पडत होती. आज ती एम-24 या नावाने ओळखली जाते. ती खूण उमटल्यानंतर 64 वर्षे त्या पाणबुडीचा आणि तिच्यातल्या दोन माणसांचा ठावठिकाणा कुणालाही लागला नाही.

या पाणबुड्यांच्या वर्गाचे नाव ‘को-ह्योतेकी’ असे होते. त्याचा अर्थ होतो ‘अ’ प्रकारचे लक्ष्य. नौदलाच्या सरावासाठी बनवलेले हे एखादे तरंगते निशाण असावे असा बाहेरच्यांचा समज व्हावा, म्हणून हे नाव ठेवले होते. लांबी जेमतेम 24 मीटर, म्हणजे आपल्या दोन एसटी बस एकामागे एक उभ्या कराव्यात एवढी. रुंदी दोन मीटरपेक्षाही कमी. वजन 46 टन. पुढच्या टोकाला एकावर एक अशा दोन नळ्या आणि त्यांत दोन टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून धावणारी स्फोटक अस्त्रे. उरलेली बहुतेक जागा बॅटऱ्यांनी व्यापलेली, आणि मधोमध मनोऱ्याखालच्या अडचणीच्या जागेत दोन खलाशी. या पाणबुडीला डिझेल इंजिन नव्हते, त्यामुळे एकदा मोठ्या पाणबुडीच्या पाठीवरून सुटल्यावर बॅटरी पुन्हा भरून घेण्याची सोय नव्हती. भरलेली वीज संपण्याच्या आत काम उरकून परतायचे, एवढाच हिशेब होता.

मे 1942 च्या अखेरीस आय-22, आय-24 आणि आय-27 या तीन मोठ्या पाणबुड्या पाठीवर एकेक मिजेट घेऊन सिडनीच्या समुद्रात येऊन थांबल्या. यांपैकी आय-24 च्या पाठीवरची मिजेट मुळात तिच्यासाठी ठरलेली नव्हती. तिची स्वतःची मिजेट बॅटरीच्या स्फोटात निकामी झाली होती, आणि आय-28 ही पाणबुडी 17 मे रोजी अमेरिकन पाणबुडीने बुडवल्यामुळे तिच्यासाठी राखून ठेवलेली मिजेट आय-24 ला मिळाली. त्याच मिजेटला आपण आज एम-24 म्हणतो. सब-लेफ्टनंट कात्सुहिसा बान तिचे प्रमुख होते आणि मामोरू आशिबे त्यांचे साथीदार. दोघेही विशीतले तरुण होते.

हल्ल्याच्या आदल्या दिवसांत आय-21 या आणखी एका मोठ्या पाणबुडीवरच्या छोट्या विमानातून सुसुमु इतो यांनी थेट बंदरावर घिरट्या घातल्या आणि नांगरलेली अमेरिकन क्रूझर युद्धनौका शिकागो हेरली. खाली पाहणाऱ्यांना ते विमान अमेरिकेचेच वाटले. बंदराच्या रक्षणासाठी पाणबुडीविरोधी जाळे बांधले जात होते. पण ते पुरे झालेले नव्हते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी वाट उरली होती.

31 मेच्या रात्री लेफ्टनंट केन्शी चुमान यांची पाणबुडी सर्वांत आधी आत शिरली आणि त्याच जाळ्यात अडकली. जेम्स कारगिल नावाच्या पहारेकऱ्याला सव्वाआठच्या सुमारास काहीतरी हलताना दिसले. तो वल्ही मारत जवळ गेला आणि त्याने गस्तीनौकेला वर्दी दिली; पण तिच्यावर विश्वास बसायला आणि वरिष्ठांपर्यंत ती पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ गेला. 10 वाजून 35 मिनिटांनी चुमान आणि त्यांचे साथीदार ताकेशी ओमोरी यांनी पाणबुडीतली स्फोटके स्वतःच पेटवली. एवढे होऊनही बंदरातली फेरीबोटींची वाहतूक त्या रात्री थांबवण्यात आली नाही. समुद्रतळावरच्या केबलने त्या संध्याकाळपासून प्रत्येक पाणबुडीची नोंद घेतली होती, हे मला इथे आवर्जून सांगितले पाहिजे. यंत्र चुकले नव्हते. रोजच्या वर्दळीच्या खुणांमध्ये या खुणा वेगळ्या ओळखणारी नजर त्या वेळी तिथे नव्हती.

एम-24 पावणेदहाच्या सुमारास आत आली. शिकागोने तिला पाहून गोळीबार केला, तेव्हा बान यांनी तिला पाण्याखाली नेले आणि संधीची वाट पाहत ते जवळपासच थांबले. बंदरातल्या गार्डन आयलंडवर नवी गोदी बांधण्याचे काम चालू होते आणि तिथल्या झगझगीत दिव्यांच्या उजेडात शिकागोची आकृती स्पष्ट उठून दिसत होती. ते दिवे मध्यरात्रीनंतर, साधारण 12 वाजून 25 मिनिटांनी, मालवले गेले. पाचेक मिनिटांनी बान यांनी दोन्ही टॉर्पेडो सोडले. दोन्ही शिकागोला चुकवून निघून गेले. एक किनाऱ्यावर चढून न फुटताच पडून राहिला. दुसरा एका डच पाणबुडीच्या आणि कुट्टाबुल या बोटीच्या खालून जाऊन धक्क्याच्या भिंतीवर आदळला.

कुट्टाबुल ही लढाऊ नौका नव्हती. सिडनीच्या पुलाआधीच्या काळात लोकांना बंदराच्या या तीरावरून त्या तीरावर नेणारी ती जुनी फेरीबोट होती. युद्धात ती नौसैनिकांच्या राहण्यासाठी वापरली जात होती. स्फोट तिच्या बुडाखाली झाला आणि 21 नौसैनिक मरण पावले, त्यांतले कित्येक झोपेतच. ज्या युद्धनौकेसाठी हा सारा खटाटोप झाला तिला ओरखडाही आला नाही.

तिसऱ्या पाणबुडीला पहाटेपर्यंत बंदरातल्या टेलर्स बे या खाडीत गाठून डेप्थ चार्जने, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बने, निकामी करण्यात आले. आतले केइउ मात्सुओ आणि मासाओ त्सुझुकु यांनी स्वतःवर गोळ्या झाडून घेतल्या. दोन्ही पाणबुड्या वर काढण्यात आल्या आणि चारही मृतांवर 9 जून रोजी सिडनीतले नौदलप्रमुख रिअर अॅडमिरल म्यूअरहेड-गूल्ड यांच्या आदेशाने नौदलाच्या इतमामात अंत्यसंस्कार झाले. शत्रूला असा मान दिल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. तरीही त्यांनी ते केले, आणि मला त्यांचा हा निर्णय योग्य वाटतो. चौघांच्या अस्थी त्याच वर्षी जपानला पोहोचल्या. 1968 मध्ये मात्सुओ यांच्या वृद्ध आई सिडनीला आल्या आणि मुलाचा अंत झाला त्या खाडीच्या पाण्यात त्यांनी साके हे जपानी मद्य ओतले.

बान आणि आशिबे यांच्या घरी यांतले काहीच पोहोचले नाही.

परतीची जागा सिडनीच्या दक्षिणेला, पोर्ट हॅकिंगच्या समुद्रात ठरली होती. मोठ्या पाणबुड्या तिथे 3 जूनपर्यंत थांबल्या आणि मग निघून गेल्या. साहजिकच नंतरच्या शोधात अनेकांची नजर दक्षिणेकडे लागली, आणि पाणबुडी सापडल्याचे दावे वेळोवेळी होऊन फोल ठरले. अखेर नोव्हेंबर 2006 मध्ये समुद्रात बुड्या मारणाऱ्या सात हौशी डायव्हरांच्या एका गटाला ती आढळली, तीही बंदराच्या उत्तरेला सुमारे 20 किलोमीटरवर, बंगन हेडसमोरच्या समुद्रात. 50 मीटरहून अधिक खोलीवर ती वाळूत बुडावर सरळ बसलेली होती. अंगावर मासेमारीची जाळी गुंतलेली आणि मनोऱ्यावर गोळ्यांची भोके.

ती उत्तरेला का गेली? आपला माग काढत शत्रू मोठ्या पाणबुड्यांपर्यंत पोहोचू नये म्हणून बान यांनी जाणूनबुजून उलटी दिशा धरली, असे मानणारे अभ्यासक आहेत. ही कल्पना मनाला भिडते. पण तिला साक्ष देणारा एकही कागद किंवा माणूस मागे उरलेला नाही. संपत आलेली बॅटरी, गोळीबाराने झालेले नुकसान आणि काळोखात चुकलेली दिशा ही कारणेही तितकीच संभवतात. पाणबुडी उघडून पाहिली तर कदाचित अधिक कळेल. मात्र ती उघडायची नाही असे ठरले आहे, कारण ते दोघे अजूनही आतच असावेत असे मानले जाते. तिच्याभोवती 500 मीटरचे संरक्षित क्षेत्र आखलेले आहे आणि परवानगीशिवाय तिथे कुणालाही उतरता येत नाही.

2007 मध्ये ऑस्ट्रेलियन नौदलाच्या नौकेवरून दोघांच्या आप्तांना त्या जागी नेण्यात आले. लाटांखेरीज तिथे पाहण्यासारखे काहीच नव्हते. कठड्यापाशी उभे राहून त्यांनी त्या पाण्याकडे पाहून हात जोडले.