येऊरला वर्ग न्यायचाय? बिबट्याचं नंतर, आधी मुंग्या बघा

नमस्कार मंडळी! शाळेनं येऊरच्या निसर्ग शिबिराची नोटीस काढली की पालकांच्या ग्रुपवर पहिला मेसेज येतो, "सर, बिबट्या दिसेल का हो?" आणि मागोमाग दुसरा, "सर, बिबट्या येणार नाही ना?" कधीकधी दोन्ही एकाच आईचे!

तर येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची आपल्या ठाण्याकडची बाजू. उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं, आणि बिबटे आहेतच. पण तो मुख्यतः रात्री फिरणारा प्राणी. अख्ख्या वर्गाचा गलका ऐकून समोर यायला त्याला काय पडलंय? अंधार पडायच्या आत बाहेर निघा, कुणी एकटं मागे रेंगाळू देऊ नका, लघवीलासुद्धा जोडीनं पाठवा. झालं.

आता खरी मजा. झाडावर हिरवी पानं एकमेकांना चिकटवून केलेला फुटबॉलएवढा गोळा दिसला, की वर्ग तिथेच थांबवा. लाल मुंग्यांचं घरटं आहे ते. हात लावू नका, कडकडून चावतात आणि वर आम्ल सोडतात. लांबूनच बघा. नवीन घरटं चालू असेल तर ओळीनं उभ्या राहून मुंग्या दोन पानांच्या कडा जवळ ओढताना दिसतील. मग काही जणी आपल्याच अळ्या तोंडात धरून या कडेवरून त्या कडेवर फिरवतात. रेशीम निघतं अळीतून, मोठ्या मुंगीला ते येतच नाही. म्हणजे घर बांधायला घरातली बाळंच कामाला! सातवीतल्या पोरांना हे सांगा, मग बिबट्याचं नाव कोण काढतंय बघू.

आणि ती 'पाच पक्ष्यांची नावं लिहा' वाली वर्कशीट शाळेतच ठेवा. एक हुशार लिहितो, बाकीचे उतरवतात. त्यापेक्षा एकेकाला थोडं अंतर ठेवून दहा मिनिटं गप्प बसवा. हो, बसतात. पहिली दोन मिनिटं खिदळतात, मग बसतात.

सामानात फुल पँट, पूर्ण बाह्या, बूट. चिप्सची पाकिटं नकोत, माकडं थेट हातातून ओढतात. हिवाळ्यात खाजकुयलीच्या शेंगांपासून जपा. शेंगांवरची खाजरी लव अंगाला लागली तर चोळायचं नाही, आधी चिकटपट्टीनं उचलायची, मग धुवायचं. सरांनी बॅगेत एक चिकटपट्टी टाकाच.

भर पावसात मात्र पोरांना ओढ्याकाठी नेऊ नका, पाणी बघता बघता चढतं.

डोंगर नको असेल तर ऐरोलीचं जैवविविधता केंद्र आहे. ठाणे खाडीचा हा पट्टा 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. तिथे तिवराच्या, म्हणजे खारफुटीतल्या एका झाडाच्या, पानावर मिठाचे कण दिसतात, तेवढे पोरांना दाखवाच. फक्त तारीख ठरवताना भरती-ओहोटीच्या वेळा बघा. ओहोटीला चिखल उघडा पडतो, निवट्या, म्हणजे चिखलावर फिरणारे मासे, तेव्हाच दिसतात.