सही करण्याआधी हाड जुळू द्या

नमस्कार, श्रोतेहो.

गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात उसाच्या ट्रॉल्या रात्रीच्या रस्त्यावर येतात आणि त्यांना मागून धडकणाऱ्या मोटारसायकलींच्या बातम्याही सुरू होतात. कुणाचा पाय मोडतो, कुणाचं मनगट. जीव वाचतो, पण हातातलं काम जातं. अशा जखमी माणसाला वकील न लावता समोरच्या वाहनाच्या विमा कंपनीकडून आपली भरपाई घेता येते का, याबद्दल आज बोलायचं आहे. विमा कंपनीच्या दावे विभागात मी नोकरी केली. टेबलाच्या त्या बाजूला फाइल कशी वाचली जाते हे मला माहीत आहे आणि ते जखमी माणसापर्यंत पोहोचावं असं मनापासून वाटतं.

फाइल आली की अधिकारी सगळ्यात आधी दवाखान्याचा पहिला केसपेपर काढतो. अपघात झाला कसा, याची एक ओळ त्यावर असते. घाबरलेला नातेवाईक पोलिसांची कटकट नको म्हणून सांगून टाकतो, "गाडीवरनं घसरून पडला." डॉक्टर तेच लिहितात. महिन्याभरानं तुम्ही ट्रॅक्टरनं धडक दिली म्हणालात, की कंपनी तीच ओळ तुमच्यापुढं ठेवते. म्हणून सीपीआरसारखं सरकारी रुग्णालय असो की खासगी दवाखाना, जे घडलं तेच सांगा आणि काय लिहिलं गेलं ते वाचून घ्या. फिर्याद लगेच द्या. ट्रॅक्टर असेल तर ट्रॉलीचाही नंबर पंचनाम्यात आला पाहिजे.

पुढचं काम कागदांचं. औषध दुकानाच्या पावत्यांची शाई काही महिन्यांत उडते, त्यांची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढा. रिक्षाचं भाडं, सोबत राहिलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, फिजिओथेरपी हे सगळं तारखेनिशी वहीत लिहा. पगाराची स्लिप नाही म्हणून हातपाय गाळू नका. दूध संस्थेचं बिल, कारखान्याचं ऊसबिल, बँकेचं पासबुक, व्यापाऱ्याच्या पावत्या यांतूनही उत्पन्न दाखवता येतं.

आता मुख्य गोष्ट. समजा, चपला शिवणारा ३८ वर्षांचा एक कारागीर आहे, महिन्याला १८,००० रुपये मिळवतो. अपघातात त्याचं उजवं मनगट कायमचं आखडलं. वर्षाचं उत्पन्न २,१६,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढं वाढू शकणाऱ्या उत्पन्नापोटी त्यात ४० टक्के मिळवतात; झाले ३,०२,४००. वर्षाच्या या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्यानं, म्हणजे गुणकानं, गुणतात; या वयाला तो १५ आहे. अपंगत्वाच्या दाखल्यावर २० टक्के लिहिलेत आणि तेवढीच कमाई बुडाली असं धरलं, तर ९,०७,२०० रुपये होतात. पण आरी धरणारा हातच गेला, तर त्याची कमाई फक्त २० टक्क्यांनी कमी होईल का? सर्वोच्च न्यायालयानं राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सांगितलं आहे, की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस काय काम करतो ते बघा. त्याच कारागिराचं नुकसान ४० टक्के धरलं गेलं, तर रक्कम १८,१४,४०० होते. दवाखान्याचा खर्च, वेदना, बुडालेले महिने हे सगळं आणखी वेगळं. कंपनीचा माणूस दाखल्यावरचा आकडा धरून बोलतो. तुम्ही कामाबद्दल बोला, हातानं काय होत नाही ते दाखवा.

आणि म्हणूनच प्लॅस्टर निघायच्या आत "फुल अँड फायनल" लिहिलेल्या व्हाउचरवर सही करू नका. हाड जुळलं का, रॉड काढायला पुन्हा ऑपरेशन लागेल का, हे कळल्याशिवाय आपलं नुकसान किती हे तुम्हालाच माहीत नसतं. सही झाल्यावर ते मागणं फार कठीण. दवाखान्यात खाटेपाशी येऊन "इतके टक्के द्या, सगळं करतो" म्हणणाऱ्यालाही कोऱ्या कागदावर सही देऊ नका. भरपाईतला वाटा फी म्हणून ठरवायला बार कौन्सिलचे नियम वकिलालाही मनाई करतात, मग मध्यस्थाची काय गोष्ट!

बदललेला मोटार वाहन कायदा १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. कलम १४९ नुसार अपघाताची माहिती मिळाल्यावर कंपनीनं अधिकारी नेमायचा आणि त्यानं ३० दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव द्यायचा. पटला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण तो नोंदवून घेतं आणि त्यानंतर ३० दिवसांत पैसे. नाही पटला तर सुनावणी. पोलिसांचा अहवालही न्यायाधिकरणाला भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो, पण त्यावर विसंबू नका; कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, तिच्या आत आपला अर्ज द्या. अपघात साताऱ्याकडं झाला असला, तरी तुम्ही कोल्हापुरात राहता म्हणून अर्ज इथं, कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात करता येतो. धडक देणारं वाहन सापडलंच नाही, तर तहसीलदाराकडं अर्ज करा. गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये मिळतात.

स्वतःच्या अपघात पॉलिसीचा दावा कंपनीनं नाकारला, तर रस्ता वेगळा. आधी कंपनीकडं लेखी तक्रार, महिनाभर वाट, मग पुण्याच्या विमा लोकपालांकडं. तिथं फी नाही आणि वकील चालतच नाही.

पण मृत्यू झाला असेल, मेंदूला किंवा मणक्याला मार असेल, चूक तुमचीच असं कंपनी म्हणत असेल, चालकाकडं परवाना नसेल, तर एकट्यानं लढू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्त्रिया, कामगार, अपंग, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना मोफत वकील देतं. न्यायाधिकरणाच्या निकालावर उच्च न्यायालयात अपील करता येतं आणि ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही, सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. लोकअदालतीतल्या तडजोडीवर मात्र अपील नाही. तिथं दावा लवकर मिटतो, म्हणून जरूर जा; पण आपला आकडा आदल्या रात्री घरी मांडून, वहीत लिहून जा, आणि त्याच्या किती खाली यायचं हेही घरच्यांशी बोलून आधीच ठरवा.