फगवाड्याच्या गिरणीचा संघ
(नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आजचा विषय कळल्यावर एका जुन्या स्नेह्यांनी फोन करून विचारलं, "नागपुरात बसून फगवाड्याचं काय सांगून राहिले तुम्ही?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे जामठ्याला सामना असला की वर्धा रोड तुंबतो, आणि तो सामना क्रिकेटचाच असतो. फुटबॉल म्हटलं की आपल्याला कामठी आठवते, मोमीनपुरा आठवतो, फार तर झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल देणारे विजय बारसे सर आठवतात. मग पंजाबातला एक बंद पडलेला संघ आज कशाला उकरायचा?

कारण तो गिरणीचा संघ होता. गिरणी बंद पडणं म्हणजे काय, हे नागपूरकरांना सांगावं लागत नाही. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. आज त्या जागेवर मॉल आहे. गिरणी जाते तेव्हा फक्त साचे थांबत नाहीत, तिच्या आधाराने उभं राहिलेलं बरंच काही सोबत जातं. फगवाड्याला तशाच आधारावर जेसीटी हा फुटबॉल संघ उभा होता, आणि तोही देशाच्या पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता.

फगवाडा हे कपूरथळा जिल्ह्यातलं गाव. जालंधर आणि लुधियाना यांच्या मधे, जीटी रोडवर. तिथली जगतजित कॉटन टेक्स्टाइल मिल म्हणजे थापर घराण्याची जेसीटी. नावातले जगतजित म्हणजे कपूरथळ्याचे महाराजा. १९७१ मध्ये या गिरणीने आपला फुटबॉल संघ काढला. त्या काळी हे काही जगावेगळं नव्हतं. मुंबईत मफतलाल, ओर्के, टाटा, महिंद्र यांचे संघ होते. रेल्वे, पोलीस, सीमा सुरक्षा दल, बँका, सगळ्यांचे होते. खेळाडूचं नाव आस्थापनाच्या हजेरीपटावर, पगार नोकरीचा, सरावाला सुट्टी कंपनीची. बूट खुंटीला टांगले तरी नोकरी चालूच. आज आपण या पद्धतीला हौशी म्हणून नाक मुरडतो. पण गरीब घरातल्या पोराला फुटबॉलच्या जिवावर पेन्शनपर्यंत पोचवणारी दुसरी व्यवस्था या देशात अजून तरी झालेली नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

गिरणीला खेळाडूही लांबून आणावे लागले नाहीत. शेजारच्या होशियारपूर जिल्ह्यातलं माहिलपूर हे फुटबॉलवेडं गाव. तिथल्या खालसा कॉलेजच्या मैदानावर पिढ्यान्पिढ्या खेळाडू घडले. जर्नेलसिंग त्याच जिल्ह्यातले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत डोक्याला टाके असताना बचावपटू असूनही आघाडीला खेळले आणि अंतिम सामन्यात गोल केला, ते जर्नेलसिंग. आणि खुद्द फगवाड्याचे इंदरसिंग. १९६९ चा अर्जुन पुरस्कार मिळालेले इंदरसिंग जालंधरच्या लीडर्स क्लबमधून जेसीटीत आले. १९७४-७५ च्या संतोष करंडकात, म्हणजे राज्यांच्या संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, त्यांनी एकट्याने २३ गोल केले, आणि पंजाबने अंतिम सामन्यात बंगालला ६-० असं धुतलं. बंगालला, सहा! कोलकात्याच्या माणसासमोर हा आकडा आजही जपून उच्चारावा.

ड्युरँड चषक ही देशातली सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा. १९७६ चा ड्युरँड जेसीटी आणि जालंधरच्या सीमा सुरक्षा दलाने वाटून घेतला. दिल्लीत स्पर्धा, आणि चषक पंजाबातल्या दोन शेजाऱ्यांत. पुढे १९८३, १९८७ आणि १९९२ लाही ड्युरँड फगवाड्याकडे आला. हा सगळा काळ स्थानिक मुलांचा. जोरकस, धावता, थेट गोलाकडे जाणारा खेळ. कोलकात्यात त्याला रांगडा म्हणत. असेल. पण चषक न्यायचे.

नव्वदीच्या मध्यावर गिरणीने पवित्रा बदलला. पंजाबी संघात देशभरचे तारे आले. केरळचे आय. एम. विजयन आणि जो पॉल अंचेरी, सिक्कीमचा कोवळा बायचुंग भुतिया, बंगळुरूचा कार्लटन चॅपमन. प्रशिक्षक मात्र घरचेच, सुखविंदरसिंग. विजयन म्हणजे लहानपणी त्रिशूरच्या मैदानात सोडा विकणारा मुलगा. भुतिया त्याच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. या दोघांना एका आघाडीत खेळताना बघणं म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलं ते अजून सांगत बसतात. विजयन चेंडू पायाला चिकटवून दोन माणसं अंगावर ओढून घ्यायचा आणि मोकळी झालेली जागा भुतियाला बरोबर दिसायची.

१९९६ च्या डिसेंबरात राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. त्याआधी आपल्याकडे चषक होते, शहरांच्या लीग होत्या. देशाचा विजेता लीग पद्धतीने ठरत नव्हता. बारा संघ, फिलिप्सचं प्रायोजन. सगळ्यांना वाटलं होतं की पहिली लीग कोलकात्याला जाणार, नाहीतर गोव्याला. नेली फगवाड्याने. गोव्याचे चर्चिल ब्रदर्स दुसरे. भुतियाचे १४ गोल, लीगमध्ये सर्वाधिक. त्याच सुमारास जेसीटीने देशातल्या क्लबांचा फेडरेशन चषक जिंकला, १९९६ चा ड्युरँडही जिंकला. एका गिरणीच्या गावाने एका हंगामाच्या आसपास हे सारं जमवलं.

आणि इथेच, माझ्या मते, घसरण सुरू झाली. शिखरावर असतानाच.

१९९७ मध्ये केरळात एफसी कोचीन हा क्लब निघाला. देशातला पहिला पूर्ण व्यावसायिक क्लब म्हणून त्याचा गवगवा झाला. त्याने विजयन, अंचेरी, चॅपमन हे तिघेही उचलले. भुतिया कोलकात्याच्या ईस्ट बंगालला परतला. त्याच जुलैत फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात मोहन बागानविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली, तेव्हा सॉल्ट लेक स्टेडियमवर १ लाख ३१ हजारांवर माणसं होती. म्हणजे बघा, लीग जिंकून काही महिने होतात न होतात तोच विजेता संघ विखुरला. खेळाडूंचा दोष नाही. बाजार नुकताच उघडला होता आणि गिरणीचा पगारपत्रक-हिशेब त्या बाजारभावापुढे टिकणारा नव्हता.

एफसी कोचीनचं पुढे काय झालं? १९९७ चाच ड्युरँड त्यांनी जिंकला, केरळच्या क्लबचा पहिला. मग पैसे आटले, खेळाडूंचे पगार थकले, आणि २००२ च्या सुमारास क्लबच संपला. ज्या नव्या पद्धतीने गिरणीचा संघ फोडला, ती गिरणीच्या संघाच्या आधी मेली. जुनं मागास आणि नवं प्रगत असं सरळ गणित मांडणाऱ्यांनी ही नोंद ठेवावी.

जेसीटी मात्र मेली नाही. पुन्हा आपल्या मातीतल्या मुलांकडे वळली आणि बाहेरून एखाददुसरा होतकरू घेऊ लागली. २००५ मध्ये त्यांनी मोहन बागानमधून आलेला एक बुटका, चपळ मुलगा घेतला. सुनील छेत्री त्याचं नाव. पुढे देशासाठी सर्वाधिक गोल करणारा छेत्री खऱ्या अर्थाने नावारूपाला आला तो फगवाड्याच्या संघात. २००६-०७ च्या शेवटच्या राष्ट्रीय लीगमध्ये जेसीटी दुसरी आली, गोव्याच्या डेंपोच्या मागे. लोकांना वाटलं, आले हे परत. २००८ मध्ये छेत्री ईस्ट बंगालला गेला. राष्ट्रीय लीगची आय-लीग झाली होती. नाव बदललं, स्टँड रिकामेच राहिले.

२०१०-११ च्या हंगामात जेसीटी खालच्या विभागात ढकलली गेली. आणि जून २०११ मध्ये व्यवस्थापनाने चाळीस वर्षांचा संघ बंद केला. दिलेलं कारण नीट ऐका. पराभव हे कारण नव्हतं. आय-लीगला प्रेक्षक नाहीत, दूरचित्रवाणीवर दर्शन नाही, त्यामुळे क्लबवरचा खर्च व्यावसायिकदृष्ट्या पटवून देता येत नाही, असा त्याचा आशय होता.

यात खोटं काही नव्हतं. क्लबला पैसा येतो तिकिटातून, प्रक्षेपणातून, प्रायोजकांकडून आणि खेळाडू विकून. फगवाड्याचा संघ लुधियानाच्या मैदानावर खेळायचा; तिकिटाचं उत्पन्न किरकोळ. प्रक्षेपणाचं म्हणाल तर फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये झी स्पोर्ट्सशी असलेला करार मोडला आणि डिसेंबरात आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांसाठी ७०० कोटींचा करार केला. या अदलाबदलीत चालू लीगकडे कोण बघणार? त्यात आशियाई महासंघ म्हणत होता, क्लबने स्वतंत्र कंपनी म्हणून नोंदणी करा, स्वतःचा ताळेबंद दाखवा. गिरणीच्या संघाला स्वतःचा ताळेबंद कुठून असणार? तो तर गिरणीच्या खर्चाच्या बाजूची एक ओळ होता. कापडाचा धंदा तेजीत असेतो ती ओळ मालकाच्या हौसेवर चालून जाते. धंद्याला ओढ लागली की हिशेबनीस पेन्सिल घेऊन आधी तिथेच येतो.

मालकांना मी झोडपणार नाही. थापरांनी चाळीस वर्षं पदरचे पैसे घातले, एवढी वर्षं कोण घालतं? माझा आक्षेप दुसरा आहे. या चाळीस वर्षांत फगवाड्याच्या माणसाला त्या संघात टाळ्या वाजवण्यापलीकडे जागाच नव्हती. वर्गणी भरणारा सभासद नाही, निवडणूक नाही, सर्वसाधारण सभा नाही. संघ बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हा त्या निर्णयाला आडवं येण्याचा हक्क असलेला एकही माणूस गावात नव्हता.

आपल्या महाराष्ट्रातही हेच झालं. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, २०१० मध्ये कंपनीने संघ गुंडाळला. पुणे एफसी २००७ मध्ये निघाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला, त्याची अकादमी नावाजलेली. २०१५ मध्ये संपला. मग इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएमजी-रिलायन्सच्या त्याच करारातून निघालेल्या आयएसएलचा एफसी पुणे सिटी. २०१४ मध्ये दाव्हिद त्रेझेगे पुण्यात खेळला, फ्रान्सचा विश्वविजेता! २०१९ मध्ये मालकांचे वांधे झाले आणि फ्रँचायझी हैदराबादला गेली. तिथे २०२१-२२ चा आयएसएल चषक जिंकला, तिथेही पैशाची चणचण आली, आणि २०२५ मध्ये बिऱ्हाड दिल्लीला. ज्या पुणेकराने त्या नारंगी जर्सीसाठी घसा बसवला, त्याने आता कोणासाठी ओरडायचं?

याच्या उलट ईस्ट बंगाल बघा. १९२० चा क्लब, सभासदांचा. भांडणं म्हणाल तर आपल्या हाउसिंग सोसायटीला लाजवतील अशी. पण २०१८ मध्ये क्वेस ही कंपनी पैसे घेऊन आली, २०२० मध्ये गेली. श्री सिमेंट आली, २०२२ मध्ये गेली. मग इमामी आली. गुंतवणूकदार आले-गेले, क्लब जागेवर. कारण विकायला निघालं तर सभासद दारात येऊन बसतात. कारभार गलथान, मान्य. पण गलथान कारभारातूनही क्लब जगू शकतो, मालकाने बंद करण्याचं एक पत्र काढलं की टिकू शकत नाही.

पंजाबचं पुढे काय झालं, तेही सांगतो. मिनर्व्हा पंजाबने २०१७-१८ ची आय-लीग जिंकली. त्याच क्लबने मालक आणि नाव बदलून, राउंडग्लास पंजाब म्हणून, २०२२-२३ मध्ये ती पुन्हा जिंकली आणि मैदानावरच्या कामगिरीवर आयएसएलमध्ये जाणारा पहिला क्लब ठरला. माहिलपूरच्या मुलांना पुन्हा वरची पायरी दिसली, हे चांगलंच. पण तोही एका मालकाचाच क्लब आहे. आणि ज्या पंधरा वर्षांच्या कराराच्या धामधुमीत जेसीटी गेली, तो करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता, म्हणून त्याआधीच्या जुलैतच आयएसएलचा हंगाम लटकला. मोठमोठ्या क्लबांनी सराव थांबवला, पगार रोखले.

सुरुवातीला चिठ्ठी आली होती, "नागपूरला आयएसएलचा संघ कधी येणार?" एखादा पैसेवाला तयार झाला तर येईलही, आणि त्याचा धंदा बसला तर जाईलही. मला त्याची घाई नाही. कामठीचा रब्बानी क्लब, मोमीनपुऱ्यातला यंग मुस्लिम, असे आपले मोहल्ल्यांतले क्लब कोणा उद्योगपतीच्या ताळेबंदावर उभे नाहीत. त्यांच्या सामन्याला भर उन्हात माणसं येतात. या क्लबांनी गावातल्या माणसाकडून वर्गणी घेऊन पावती द्यावी, वर्षाचा हिशेब मैदानाच्या फाटकावर लावावा आणि तेरा वर्षांखालच्या मुलांचा संघ चालवावा. व्यावसायिक क्लब काढायचाच असेल तर तो यातल्या एखाद्याने काढावा, आणि बाहेरच्या गुंतवणूकदाराला घ्यायचं तर निम्म्याहून कमी हिस्सा द्यावा. कोणता वकील हे कागद करून देईल, ते सभेनंतर भेटा, बोलू.