बर्गंडीचा एक उतार, अर्धा दिवस

मंडळी, आपल्या भागातून दर उन्हाळ्यात युरोपच्या सहली निघतात. पॅरिस झालं की अनेक बसगाड्या स्वित्झर्लंडची वाट धरतात आणि बर्गंडी नावाचा फ्रान्समधला द्राक्षांचा आणि वाइनचा प्रदेश खिडकीतून मागे पडतो. तिथे थांबायचं कुणाच्या मनात येत नाही. आज माझं मागणं एवढंच आहे, की तिथे अर्धा दिवस उतरा. वाइन तिथे मिळेलच, पण तो अर्धा दिवस जमीन बघायला द्या. नाशिककडच्या निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या द्राक्षवाल्या माणसाला तिथल्या द्राक्षबागांत जे दिसेल, ते शहरी पर्यटकाला दाखवूनही दिसत नाही.

आधी व्यवहाराचं सांगतो. पॅरिसहून वेगवान रेल्वेनं दिजाँ हे शहर दीड-पावणेदोन तासांवर आहे. दिजाँहून किंवा दक्षिणेकडच्या बोन गावातून अर्ध्या दिवसाच्या मार्गदर्शित सहली निघतात. सातआठ जणांची छोटी गाडी असते, चालक हाच बहुतेक वेळा मार्गदर्शक असतो आणि चारएक तासांत तुम्ही परत येता. भाड्याची मोटार घेऊन आपलं आपण जाऊ, असं पुष्कळांना वाटतं. मी तसं करू नका म्हणेन. फ्रान्समध्ये रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम अल्कोहोल ही गाडी चालवणाऱ्याची मर्यादा आहे, आणि वाइन साठवायच्या चार तळघरांत चव घेतली तर तिचा भरवसा राहत नाही. दुसरं म्हणजे तिथली बरीच तळघरं छोट्या शेतकरी कुटुंबांची आहेत. आगाऊ वेळ घेतल्याशिवाय दार उघडत नाही आणि दुपारी बारा ते दोन जेवणाची सुट्टी असते. मार्गदर्शकाची ओळख इथे कामाला येते.

सहल निवडताना गावांची यादी लांबलचक दिसली, की मी ती बाजूला ठेवतो. दिजाँच्या दक्षिणेला कोत द न्वी नावाचा वीसेक किलोमीटरचा पट्टा आहे. सकाळ त्यालाच द्या. बोनमध्ये १४४३ साली स्थापन झालेलं, रंगीत कौलांचं जुनं धर्मार्थ रुग्णालय सुंदरच आहे. त्याच्या बागांच्या वाइनचा लिलाव १८५९ पासून होत आला आहे. पण ते बघायला दुपार ठेवा. सकाळ मातीसाठी हवी.

तो पट्टा म्हणजे एक लांबट उतार आहे. खाली सपाटी आणि गाड्यांचा रस्ता, वर माथ्यावर झाडी, आणि मधे पूर्वेकडे तोंड करून बसलेल्या बागा. सकाळचं ऊन थेट वेलींवर येतं. खाली ज्युरासिक काळातल्या समुद्राचा चुनखडक आहे. मार्गदर्शकाला सांगा, गाडी खाली उभी करू आणि पायवाटेनं वर चालत जाऊ. सगळा चढ थोड्या मिनिटांचा असतो. रस्त्यालगत माती खोल आणि चिकट लागते, पावसानंतर तर बुटाला धरते. वर जाल तसे पांढरट दगड वाढत जातात, माती पातळ होते. अगदी वर थंडी आणि नुसता खडक. या दोहोंच्या मधला जो पट्टा आहे, पाणी निचरून जाणारा, तरी वेलीला पोसण्याइतकी माती असलेला, तिथली वाइन जगात सगळ्यांत महाग विकली जाते.

ही प्रतवारी कुणा एका व्यापाऱ्यानं ठरवलेली नाही. शतकानुशतकं लोकांनी बांधाबांधाची वाइन वेगळी करून चाखली आणि त्यातून ती उभी राहिली. आज तिच्या चार पायऱ्या आहेत: सबंध प्रदेशाच्या नावानं विकली जाणारी वाइन, गावाच्या नावाची, मग प्रमिए क्रू आणि सर्वांत वर ग्रां क्रू. ग्रां क्रूची नावं अवघी ३३, आणि बर्गंडीच्या एकूण उत्पादनात त्यांचा वाटा एक टक्क्याच्या आसपास. दिजाँपासून दक्षिणेकडे या उतारावर नावानं ओळखले जाणारे १२४७ तुकडे आहेत आणि २०१५ साली युनेस्कोनं ते जागतिक वारशात घेतले. एखादा किल्ला किंवा लेणं वारशात जातं हे आपल्याला सवयीचं आहे. इथे शेताचे बांध गेले आहेत, आणि शेतकऱ्याच्या मुलाला याचा आनंद वाटतो, तो मला लपवायचा नाही.

आता आपल्या डोळ्यांनी बाग बघा. पहिली गोष्ट म्हणजे वेली ठेंगण्या. आपल्या मांडवाखालून किंवा वाय पद्धतीच्या तारांखालून माणूस चालतो, तिथली वेल मात्र कमरेपर्यंतच येते. ओळीत मीटरभरावर एक वेल, दोन ओळींतही मीटरभराचंच अंतर, म्हणजे हेक्टरी दहा हजार वेली. त्या दोन ओळींत ट्रॅक्टर मावत नाही. म्हणून उंच पायांचा ट्रॅक्टर ओळ पोटाखाली घेऊन चालतो. ठिबकची नळी कुठे दिसणार नाही, पाणी पावसाचंच. आणि छाटणी एकदाच. आपण एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी घेतो, ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोड छाटणी घेतो, आपली वेल कधी झोपतच नाही. तिथली वेल पानगळ झाली की मार्चपर्यंत झोपलेली असते आणि छाटणी त्या थंडीत होते. सप्टेंबरात तोडणी. त्या वेळी आपण गोड छाटणीचा दिवस धरत असतो.

मात्र जमिनीखाली गेलात, तर तिथली आणि इथली बाग एकाच घराण्याची निघते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा नावाच्या बारीक किडीनं फ्रान्सच्या बागा मुळापासून खाल्ल्या. उपाय अमेरिकन वेलींमध्येच सापडला. त्यांची मुळं या किडीला तोंड देतात, म्हणून खाली अमेरिकन खुंट, म्हणजे मुळाकडचा भाग, आणि वर फ्रेंच वेलीचा डोळा असं कलम सुरू झालं. आपल्याकडे आज डॉगरिजच्या खुंटावर बागा उभ्या आहेत, तोही अमेरिकेतलाच. आपल्याकडे तो क्षारांसाठी आणि पाण्याच्या ताणासाठी घेतला, त्यांनी खुंट घेतला तो किडीसाठी, पण हातातलं कसब एकच. डावणी आणि भुरी हे रोगही अमेरिकेतूनच फ्रान्सला पोचले, आणि डावणीवरचा उपाय १८८०च्या दशकात बोर्डोच्या बागांतून निघाला. मोरचूद आणि चुना. बोर्डो मिश्रण ज्यानं आपल्या हातानं कालवलंय, त्याला फ्रेंच बागाईत परकी वाटायचं कारण नाही.

या सकाळचा गाभा म्हणून मी एकच जागा सांगेन: क्लो द वूजो. दगडी भिंतीनं वेढलेली पन्नासेक हेक्टरांची बाग. १०९८ साली स्थापन झालेल्या सीतो मठाच्या साधूंनी बाराव्या शतकापासून ती जोडत नेली. आत त्यांची द्राक्षं दाबायची अवाढव्य लाकडी यंत्रं आजही उभी आहेत. फ्रेंच राज्यक्रांतीत मठाची जमीन सरकारजमा होऊन विकली गेली, तरी ही बाग १८८९ पर्यंत अखंड राहिली. त्यानंतर मात्र वाटण्या होत गेल्या, आणि आज भिंतीच्या आत ऐंशीच्या वर मालक आहेत. कुणाकडे हेक्टरभर, कुणाकडे मोजक्या ओळी.

नेपोलियनच्या काळापासून तिथे मुलांमध्ये समान वाटणीचा कायदा आहे. सातबाऱ्यावर नावं कशी वाढत जातात, ते आपल्याला शिकवायला नको. पण तिथे एक पाऊल पुढचं आहे. भिंतीच्या आतलं वरच्या अंगाचं रान निचऱ्याचं, खाली रस्त्याकडेचं ओलसर. नाव मात्र सगळ्यांना एकच, ग्रां क्रू. त्यामुळे तिथे नुसतं बागेचं नाव वाचून भागत नाही, पिकवणाऱ्याचं नाव बघावं लागतं. जमीन तुकड्यांत गेल्यावर प्रत्येक घरानं आपल्या ओळींची वाइन आपल्या नावानं बाटलीत भरायची वाट धरली. आपल्याकडे तुकडा म्हटलं की तोटाच डोळ्यांपुढे येतो. आपल्या द्राक्षाचा भाव अजून पेटीवर आणि मण्याच्या आकारावर ठरतो. कोणत्या गटातला माल, हे गिऱ्हाइकाला कळतच नाही. ते कळवता येतं, आणि त्यातून घर चालतं, हे त्या भिंतीच्या आत उभं राहून बघावं असं मला मनापासून वाटतं.

तिथून पाच-दहा मिनिटांवर व्होन-रोमाने गाव आहे आणि गावामागे रोमाने-कोंती. जेमतेम साडेचार एकर. बुटकी भिंत, एक दगडी क्रूस, आणि आत पाऊल टाकू नये अशी विनंती करणारी पाटी. इथल्या एका बाटलीला लाखांत किंमत पडते. इथल्या जुन्या वेली १९४५ पर्यंत स्वतःच्याच मुळांवर टिकवल्या होत्या, मग त्या उपटून कलमी लावल्या. लोक क्रूसापाशी छायाचित्र काढून निघतात. तुम्ही तेवढ्यात शेजारच्या बागेची माती बघून घ्या.

हवामानाचंही विचारा, कारण बोनच्या तोडणीच्या तारखांची नोंद १३५४ पासून जुळवलेली आहे. १९८८ नंतरची तोडणी आधीच्या शतकांच्या सरासरीपेक्षा सुमारे तेरा दिवस आधी येऊ लागली आहे. कोंबही लवकर फुटतात, आणि मग उशिराचं दहिवर त्यांना गाठतं. एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी रात्रभर ओळींमधून मेणाचे मोठे डबे पेटवून ठेवले होते. निफाडला पारा उतरल्यावर आपण बागेत शेकोट्या करतो, तेच.

शेवटी तळघर. सगळ्यांत घाई इथे होते. आत बाराचौदा अंशांचा गारवा, ओळीनं ओक लाकडाची पिंपं, एकेक २२८ लिटरचं. लाल वाइन पिनो न्वार या एकाच द्राक्षाची. १३९५ साली तिथल्या ड्यूकनं भरघोस पिकणारं गामे हे वाण उपटायचा हुकूम काढला, तेव्हापासून या उतारावर पिनोचा मान आहे. म्हणजे द्राक्ष एक, बनवणारा एक. मग एकच वर्ष मागा आणि तीन वेगळ्या रानांची वाइन शेजारी शेजारी ठेवून चाखायला मागा. सकाळी जो उतार चढलात, तो त्या तीन पेल्यांत समजतो. खालच्या रानाची मऊ, मधल्या रानाची जास्त वेळ तोंडात रेंगाळणारी. चव घेऊन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. जाणकार सर्रास थुंकतात, त्यात कुणाचा अपमान नाही. ज्यांना पीत नाही म्हणायचं आहे, त्यांनी मोकळेपणानं म्हणावं आणि नुसता वास घ्यावा. निम्मं शिक्षण वासातच आहे. विकत घ्यायची तर दोन बाटल्या घ्या. परतताना दोन लिटरपर्यंतच सवलत असते आणि तीन बाटल्यांचे सव्वादोन लिटर होतात.

कधी जावं, हे बागायतदारांसाठी वेगळं सांगतो. छाटणी बघायची तर फेब्रुवारी उत्तम. तोडलेल्या काड्या चाकावरच्या पिंपात तिथेच जाळत माणसं ओळीतून पुढे सरकत असतात. पण फेब्रुवारीत आपला माल तोडणीला आलेला असतो, घर सोडता येत नाही. सप्टेंबरात त्यांच्याकडे धांदल, तळघरात बोलायला कुणाला सवड नसते. त्यामुळे जून धरा. खरड छाटणीनंतरची काड्यांची कामं घरच्यांवर सोपवता आली तर तिथे वेल फुलोऱ्यात सापडते, मार्गदर्शकाला वेळ असतो आणि दिवस रात्री साडेनऊपर्यंत उजेडाचा. सकाळची फेरी घ्या, आणि नोंदणी करतानाच लिहून कळवा की आम्ही द्राक्षं पिकवणारी माणसं आहोत, आम्हाला दुकानात कमी आणि बागेत जास्त वेळ हवा आहे.