बंब, फोडणी आणि मिनेसोटातली चिमणी

(नौपाड्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेलं बोलणं. रेकॉर्डिंगवरून उतरवलंय, थोडं साफसूफ केलंय.)

नमस्कार मंडळी. माइक राहू दे, मागे आवाज पोचतोय ना? तो पंखा मात्र बंद करा कोणीतरी, मला नंतर अगरबत्ती लावायचीये आणि पंख्याखाली ती काहीच खरं सांगणार नाही.

विषय वाचून दोघातिघांनी मला खाली लिफ्टपाशीच गाठलं, की काका, ठाण्यात फायरप्लेस आहे कोणाकडे? कोणाकडेच नाही हो. आपल्याकडे जानेवारीत चार दिवस स्वेटर निघतो, तोही डांबराच्या गोळ्यांचा वास जायच्या आत परत कपाटात. आणि चिमणी म्हणजे आपल्या लेखी ओट्यावरचा तो काळ्या काचेचा डबा. ती चिमणी नाहीच, तो पंखा आहे, बटण बंद केलं की काम संपलं. मी बोलणार आहे ते मोटर नसलेल्या चिमणीबद्दल, जी बटणाशिवाय चालते आणि रुसली की का रुसली ते सांगत नाही.

माझी ३२ वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात बॉयलर हाऊसमध्ये गेली. दर शिफ्टला ड्राफ्ट, म्हणजे धूर वर जाण्याचा जोर, बघायचा, मॅनोमीटरमध्ये, म्हणजे दाब मोजायच्या नळीत, पाणी किती एमएम सरकलं ते लॉगबुकात लिहायचं, हे इतकी वर्षं केलेला माणूस मी, आणि मुलाच्या घरी अमेरिकेत मिनेसोटात हॉल धुराने भरला तेव्हा मला अख्खा एक दिवस कळेना काय चुकतंय. कारण आमच्याकडे आयडी फॅन होता ना. धूर ओढायला पंखा, हवा घालायला दुसरा पंखा, चिमणी नुसती उभी. कारखान्यांच्या त्या उंच उंच चिमण्या बघून लोकांना वाटतं की त्या धूर ओढायला उंच केल्यात. पंखे असताना त्या कामाला एवढी उंची लागत नाही, ती उंची असते धूर लांब नेऊन पातळ करायला, आणि किती उंच ते प्रदूषण मंडळाचे नियम ठरवतात. म्हणजे मी आयुष्यभर पंख्याच्या जिवावर ड्राफ्टचा पंडित होतो.

खरा ड्राफ्ट मला माहीत होता तो आजीच्या बंबामुळे. तांब्याचा बंब ज्यांनी पेटवलाय त्यांनी हात वर करा. अरे वा, बरेच आहेत. मग तुम्हाला निम्मं येतंय. मधोमध उभी नळी, भोवती पाणी, खाली जाळी, जाळीखाली राखेचं तोंड. पहाटे नळीत आधी कागद आणि काटक्या टाकायच्या, मग शेंगांची टरफलं, मग लाकडाच्या ढलप्या. सुरुवातीला धूर खालच्या तोंडातून आपल्याच डोळ्यात, आजी म्हणायची थांब, अजून तापला नाही. आणि मग एका क्षणी बंब धरायचा, गुर्रर्र आवाज यायचा, धूर मुकाट वर. खालचं तोंड हाताने थोडं झाकलं की आवाज कमी, उघडलं की परत गुरगुर. हा झाला ड्राफ्ट, आणि तो हात म्हणजे एअर कंट्रोल.

आता तो आवाज येतो कुठून? आपण म्हणतो चिमणी धूर ओढते. ओढत कोणीच नाही. हिशोब सांगतो, घाबरू नका, सोपा आहे. सहा इंच व्यासाची आणि ६ मीटर उंच नळी घ्या. बाहेर शून्य डिग्री आहे, तर त्या नळीएवढ्या बाहेरच्या हवेचं वजन भरतं साधारण १४१ ग्रॅम. नळीच्या आत सरासरी १५० डिग्रीचा धूर आहे, त्याचं वजन ९१ ग्रॅम. फरक पन्नास ग्रॅम. एक बटाटावडा! घराबाहेरची जड हवा खालच्या फटींमधून आत घुसते आणि आतल्या हलक्या धुराला वर ढकलते, त्या ढकलण्याचं सगळं भांडवल म्हणजे हा एक वडा. आमच्या मॅनोमीटरच्या भाषेत पावणेतीन एमएम पाणी, तेही कागदावर, नळीच्या घर्षणात त्यातलं थोडं जातंच. युरोपात हे इन्सर्ट टेस्ट करतात ते १२ पास्कल ड्राफ्टवर, म्हणजे जेमतेम सव्वा एमएम. आणि हाच धूर थंड नळीत जाऊन सरासरी ३० डिग्रीवर आला तर फरक उरतो १४ ग्रॅम. वडा गेला, चटणी राहिली.

इन्सर्ट म्हणजे काय ते सांगायचं राहिलं. तिकडच्या जुन्या घरांत भिंतीत उघडी फायरप्लेस असते, दिसायला झकास, पण बरीचशी उष्णता चिमणीतून वर जाते आणि जाताना खोलीतली गरम हवाही घेऊन जाते. मग लोक त्या कोनाड्यात काचेच्या दाराची एक लोखंडी पेटी सरकवून बसवतात, तो इन्सर्ट. हवा मोजून आत घ्यायची, लाकूड नीट जाळायचं, उष्णता खोलीत ठेवायची. चांगली गोष्ट आहे. अमेरिकेत २०२० पासून नवीन इन्सर्टला धुराची मर्यादा तासाला २ ग्रॅम कणांची आहे, नेहमीच्या जळाऊ लाकडावर टेस्ट केला तर अडीच. पण इन्सर्ट जितका कमी उष्णता वर सोडेल तितका धूर गार, आणि धूर गार म्हणजे वडा लहान. हा व्यवहार दुकानात कोणी सांगत नाही.

मुलाच्या घरी इन्सर्टची धुराची नळी होती सहा इंची, आणि जुनी विटांची चिमणी आतून बारा बाय बारा इंच. सहा इंची गोलाचं क्षेत्रफळ २८ चौरस इंच, त्या चौकोनाचं १४४, म्हणजे पाचपट. ज्याने बसवलं त्या माणसाने, नाव घेत नाही, दोन-तीन फुटाचा पाइप डॅम्परच्या, म्हणजे चिमणीच्या गळ्यातल्या झडपेच्या, वर काढून दिला आणि बिल देऊन गेला. आता धूर त्या नळीतून बाहेर पडतो आणि एकदम एवढ्या मोठ्या खोलीत येतो, वेग पाचव्या हिश्शावर, भोवती गारठलेल्या विटा, कारण ही चिमणी घराच्या बाहेरच्या भिंतीला चिकटलेली, तीन बाजूंनी उघडी, आणि बाहेर वजा अठरा. पाच-सहा जणांची रांग अचानक आझाद मैदानात सोडल्यासारखं, कोण कुठे जाणार. तिकडच्या अग्निसुरक्षेच्या एनएफपीए २११ या स्टँडर्डमध्ये हे लिहिलेलंच आहे, चिमणी घराच्या आत असेल तर तिचं क्षेत्रफळ इन्सर्टच्या नळीच्या तिप्पटीहून जास्त नको, आणि बाहेरच्या भिंतीला असेल तर दुपटीहून जास्त नको. आमची पाचपट.

तरी आठवडाभर ती कशीबशी चालली. मग शुक्रवारी संध्याकाळी सूनबाई आमटीला फोडणी घालत होती, मिरची जरा जास्त झाली म्हणून तिने हूड, म्हणजे ओट्यावरचा धूर ओढणारा पंखा, फुल्ल केला आणि मी नेमकं लाकूड टाकायला इन्सर्टचं दार उघडलं. धूर असा बाहेर आला की जणू माझ्याच भेटीला थांबला होता. अलार्म कोकलतोय, नात कानावर हात ठेवून उभी, मुलगा खिडक्या उघडतोय आणि बाहेर वजा अठरा. मी म्हटलं लाकूड ओलं आहे. मुलाने मॉइश्चर मीटर खुपसून दाखवला, १८ टक्के. वीसच्या खाली चालतं. म्हणजे लाकडावर घेतलेला आळ खोटा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आग नाही, काही नाही, मी देवापुढची अगरबत्ती उचलली आणि इन्सर्टच्या उघड्या दारापाशी धरली. धूर माझ्याकडे वळला! चिमणी उलटी चालू होती, वरून गार हवा खाली घरात. मग मी हॉलची खिडकी चार बोटं उघडली, आणि तोच धूर वळून इन्सर्टच्या आत जायला लागला. त्या एका मिनिटात मला सगळं कळलं, ३२ वर्षांच्या लॉगबुकात नव्हतं ते.

कारण असं, की थंडीत ते गरम घर स्वतःच एक मोठी चिमणी असतं. आतली हवा हलकी, ती वरच्या मजल्यावरच्या, माळ्यावरच्या फटींतून निसटते, आणि तिची जागा भरायला घर खालून कुठून मिळेल तिथून हवा घेतं. घरं हल्ली इतकी घट्ट बांधतात की सगळ्यात सोपी वाट म्हणजे ती फायरप्लेसची चिमणी. त्यात हूड. दार बंद असताना इन्सर्टला हवा लागते मिनिटाला वीस-पंचवीस घनफूट, आणि किचनचा दणकट हूड ओढतो चारशेच्या वर. इकडे बटाटावडा, तिकडे मोटर, जिंकणार कोण? तिकडच्या बिल्डिंग कोडमध्ये चारशेच्या वरच्या हूडला बाहेरून वेगळी हवा आत आणायची सोय करा असं आहे, ते उगाच नाही.

थांबा, आता इथे करून दाखवतो. हे हॉलचं दार दोन बोटं उघडलं, आणि पॅन्ट्रीतला एक्झॉस्ट लावा कोणीतरी. बघा धूर. आत वळला ना? एवढ्याशा पंख्याने. आता बंद करा. झाला सरळ.

जरा गंभीर बोलतो. धूर दिसतो, डोळ्यात जातो, म्हणून माणूस सावध होतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. सगळ्यात वाईट वेळ आग भडकलेली असते तेव्हाची नाही, रात्री निखारे उरतात तेव्हाची. तेव्हा धूर नसतो, आपण म्हणतो विझलं, झोपतो, पण निखारे तो वायू सोडतच असतात आणि चिमणी गार पडत गेल्यामुळे ढकलणारं वजन सगळ्यात कमी असतं. म्हणून या वायूचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ हवा. आणि हे मिनेसोटापुरतं समजू नका. आपल्याकडे बाथरूममधला गॅस गीझर. खिडकीला थंडी येते म्हणून प्लास्टिक लावलेलं, दार बंद, पोरगं अर्धा तास शॉवरखाली. तोच वायू, जागा फक्त चार बाय सहाची. आणि गीझरला धुराचा पाइप बाहेर काढलेला असला तरी त्याच बंद बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन लावला की तो पाइप उलटा चालू शकतो, आत्ता अगरबत्तीने दाखवलं तसा. ज्यांच्याकडे असा गीझर आहे त्यांनी तो बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत काढून घ्या, हे मी सल्ला म्हणून नाही, हात जोडून सांगतोय.

बरं, परत चिमणीकडे. गार चिमणीचा दुसरा त्रास काजळी. नुसती काळी पूड नव्हे, लाकडाच्या धुरातला डांबरासारखा भाग साधारण १२० डिग्रीच्या खाली भिंतीवर बसतो, क्रिओसोट म्हणतात त्याला, आधी भुकटी, मग पापुद्रे, मग चकचकीत काळा थर, आणि तो पेटला की चिमणीच्या आतच आग. बंबात हे आपण रोज बघायचो. नळीच्या भोवती पाणी, म्हणजे नळीची भिंत शंभर डिग्रीच्या वर जाणारच नाही, म्हणून ती सारखी भरायची आणि आजोबा काठीला चिंधी बांधून ती झाडायचे. तिकडे वर्षातून एकदा माणूस बोलावून तपासणी करून घ्या म्हणतात, आणि मुलाच्या चिमणीत पहिल्याच तपासणीत काय निघालं ते मी जेवायच्या आधी सांगत नाही.

उपाय म्हटला तर एका वाक्याचा. इन्सर्टपासून थेट चिमणीच्या टोपीपर्यंत सहा इंची स्टेनलेसचा लायनर, म्हणजे आतली नळी, सोडला, त्याला इन्सुलेशन गुंडाळलं, आणि खाली पत्र्याने जुन्या चिमणीचं तोंड बंद केलं म्हणजे गरम हवा त्या विटांच्या पोकळीत जाणार नाही. धूर अरुंद वाटेने भराभर गेला, गार व्हायला वेळच नाही. हे ज्ञान नवीन नाही बरं का, १७९० च्या दशकात काउंट रमफर्ड नावाच्या माणसाने लंडनमधल्या धुरकट फायरप्लेसचे गळे असेच अरुंद करून दिले आणि तो त्यावर प्रसिद्ध झाला. दोनशे वर्षांनी मुलाच्या त्या मिस्त्रीपर्यंत ते पोचलं नव्हतं. आता दार उघडायच्या आधी हूड बंद, एअर कंट्रोल पूर्ण उघडा, दार आधी इंचभर, मग सगळं. सूनबाईंनी इन्सर्टच्या शेजारी चिठ्ठी चिकटवलीये, "आधी फोडणी, मग लाकूड".

हां, तुमचा प्रश्न. मुरबाडला फार्महाऊस बांधताय आणि फायरप्लेस हवी आहे. बांधा की. पण बाहेरची हवा जितकी गार तितका ड्राफ्ट जास्त, आणि आपल्याकडे तीच गार नाही. वजा वीसला जेवढं ढकलणारं वजन मिळतं त्याच्या दोन तृतीयांशच तुम्हाला १८ डिग्रीला मिळेल, चिमणी तीच आणि धूर तेवढाच गरम धरला तरी. म्हणून चिमणी घराच्या आतून वर न्या, बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, वाकडीतिकडी वळवू नका. उंची द्या, बरेच इन्सर्टवाले निदान पंधरा फूट मागतात. आणि छपरातून निघते तिथून तीन फूट वर, शिवाय आजूबाजूच्या दहा फुटांत जे काही असेल, कौलांचा कणा, पाण्याची टाकी, त्याच्यापेक्षा दोन फूट उंच, नाहीतर वाऱ्याचा भोवरा धूर परत खाली दाबतो. आर्किटेक्टने कोपऱ्यात दगडी चिमणी बाहेरून सुंदर दिसेल म्हटलं तर त्याला आधी सहा इंची नळीचा हिशोब विचारा.

काय म्हणालात वहिनी, तुमच्याकडे सासूबाईंचा बंब आहे, पॉलिश करून हॉलमध्ये ठेवलाय, वर मनीप्लांट? घरी गेल्यावर कुंडी उचला आणि मोबाइलचा टॉर्च लावून नळीत बघा. सासूबाईंनी शेवटचं पाणी तापवलं त्या दिवशीची काजळी अजून तिथे असेल.