स्प्रिंगच्या खालचा किलो

(दृश्य : कॅमेरा रुळाच्या उंचीवर. गाडी समोरून येते आणि निघून जाते. मग तोच शॉट संथ गतीत.)

संथ गतीत नीट बघा. वरचा डबा जवळपास स्थिर आहे. खाली बोगीची चाकं सतत थरथरताहेत. बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, तर डब्याखालची चाकं, स्प्रिंग आणि त्यांना धरणारी फ्रेम. रुळात किंचित खळगा आला की चाक त्यात उतरतं आणि आदळून वर येतं. दोन चाकं, त्यांना जोडणारा धुरा, त्यावरच्या ब्रेकच्या तबकड्या आणि टोकांच्या बेअरिंगच्या पेट्या मिळून होते चाकजोडी. प्रवासी डब्याखाली ती सव्वा ते दीड टनाची असते. या वजनाच्या आणि रुळाच्या मध्ये एकही स्प्रिंग नाही. चाक रुळाला टेकतं ती जागाही जेमतेम एक चौरस सेंटिमीटर.

छतातून काढलेला किलो आणि धुऱ्यातून काढलेला किलो काट्यावर सारखेच भरतात, रुळाला मात्र ते सारखे नाहीत. खळग्यावर बसणारा दणका वेगाबरोबर वाढतो, आणि स्प्रिंगखालच्या वजनाच्या साधारण वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. छताचं वजन स्प्रिंगांचे दोन थर ओलांडून खाली येतं, त्या दणक्यात त्याचा हिस्सा नगण्य. म्हणून हलकी बोगी आखायची तर खालून वर यावं. प्रत्यक्षात गाजावाजा होतो तो अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याचा.

(दृश्य : धुऱ्याला आरपार भोक पाडणारं यंत्र. चुऱ्याच्या लांब वेटोळ्या.)

१८० मिलिमीटर व्यासाचा भरीव धुरा घ्या. त्याच्या मधोमध ६० मिलिमीटरचं भोक आरपार पाडलं तर वजन ११ टक्के घटतं. वाकण्याला होणारा विरोध घटतो फक्त सव्वा टक्का, कारण वाकताना ताण बाहेरच्या थरावर सर्वांत जास्त असतो आणि मध्यावर शून्य. भोक ८० मिलिमीटरचं केलं तर वजन २० टक्के कमी, कडकपणा ४ टक्के कमी. मग याहून मोठं का नाही? चाक धुऱ्यावर दाबाने बसवलेलं असतं. आतून फार पोकळ झालेला धुरा त्या दाबाखाली आत दबतो आणि चाकाची पकड ढिली पडते.

(दृश्य : धुऱ्याच्या भोकात शिरणारा अल्ट्रासॉनिक प्रोब. पडद्यावर रेषा उसळते.)

भोकाचा दुसरा फायदा इथे दिसतोय. चाक न काढता, ध्वनिलहरींनी तडा शोधणारा प्रोब आत फिरवता येतो. धुऱ्याला तडा जातो तो बहुधा चाकाच्या बैठकीच्या कडेला, कारण तिथे दोन पृष्ठभाग सूक्ष्म हालचालीने एकमेकांना घासत राहतात. बाहेरून ती जागा झाकलेली असते.

धुऱ्याने इंजिनिअरांना धातूचा थकवा शिकवला. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा धुरा तुटला आणि मोठी जीवितहानी झाली. पुढच्या दशकांत प्रशियाच्या रेल्वेत काम करणाऱ्या आउगुस्ट व्योलरने धुऱ्यांचे नमुने भाराखाली फिरवत ठेवले. एका झटक्यात तुटण्यासाठी लागतो त्याच्या कितीतरी कमी ताणाखालीही, पुरेशी आवर्तनं झाली की, धुरा तुटत होता. ताण आणखी खाली आणला की मात्र तो टिकत होता. धुरा फिरतो तेव्हा त्याच्या पृष्ठभागाचा प्रत्येक बिंदू एका फेरीत एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. ९२ सेंटिमीटरच्या चाकाची फेरी २.९ मीटरची, म्हणजे किलोमीटरमागे साधारण ३५० आवर्तनं. आजही धुऱ्याचा व्यास थकव्याच्या त्या मर्यादेवरून ठरतो.

(दृश्य : वेल्डिंग शॉप. फिरत्या मॅनिप्युलेटरवर बोगीची फ्रेम. ठिणग्या.)

आता स्प्रिंगच्या एक मजला वर, फ्रेमकडे. वरून पाहिलं तर आकार इंग्रजी एच अक्षराचा : दोन लांब बाजू आणि त्यांना जोडणारे आडवे. बाजू प्लेटच्या पेटीसारख्या, आतून पोकळ. डब्याचा भार मधोमध येतो आणि आधार दोन टोकांना असतो, त्यामुळे खालची प्लेट ताणली जाते, वरची दाबली जाते. पेटीची उंची दुप्पट केली तर तेवढ्याच वरच्या-खालच्या प्लेट चौपट कडक होतात. म्हणून वजन वाचवायचं तर आधी उंची वाढवा, जाडी नंतर. पण उभ्या प्लेट फार पातळ केल्या की त्या बाहेर फुगतात. त्यांना रोखायला आत आडव्या पडद्या लावतात. या पडद्या वरच्या आणि बाजूच्या प्लेटला वेल्ड करायच्या, ताणल्या जाणाऱ्या खालच्या प्लेटला नाही. तिथे थोडी फट सोडायची. तडा सुरू व्हायला तेवढा एक आडवा जोड पुरतो.

जास्त ताकदीचं महागडं पोलाद आणून फ्रेम हलकी होईल, हा समज सहज होतो. तो टिकत नाही. वेल्डच्या जोडाची थकवा सोसण्याची ताकद पोलादाच्या दर्जाबरोबर वाढत नाही, ती जोडाच्या आकारावर ठरते. वेल्डिंगच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार वीस लाख आवर्तनांसाठी चालणारा ताणाचा फरक (एका आवर्तनातल्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी ताणातला) असा : आडवा बट वेल्ड, म्हणजे प्लेटच्या कडा समोरासमोर जोडणारा, घासून सपाट केला तर ११२ मेगापास्कल, तसाच ठेवला तर सुमारे ९०, आणि भार वाहणारा आडवा फिलेट जोड, म्हणजे दोन प्लेटच्या कोपऱ्यात भरलेला, ६३ पर्यंत खाली येतो. पोलाद सगळीकडे एकच. आयुष्य ठरवतो तो ग्राइंडर धरणारा हात.

अ‍ॅल्युमिनियमची गतही अशीच. ते पोलादाच्या एक तृतीयांश वजनाचं, पण कडकपणाही एक तृतीयांशच, आणि वेल्डजवळ थकवा सोसण्यात आणखी कमी.

(दृश्य : जवळून. वेल्डरचा हात, जोडाची कड, मग ग्राइंडिंग.)

क्रम पाहा. कापलेल्या प्लेटची कड आधी घासून घेतात, कारण कापताना पडलेल्या खाचा पुढे तड्यांची सुरुवात होऊ शकतात. मग जिगमध्ये, म्हणजे तुकडे जागेवर धरणाऱ्या साच्यात, टाचे मारतात, पडद्या बसवतात, शेवटी पेटी बंद करतात. फ्रेम फिरवून प्रत्येक जोड वेल्डरच्या समोर आडवा आणतात, म्हणजे वितळलेलं धातू ओघळत नाही. जोडाची सुरुवात आणि शेवट कोपऱ्यात येऊ द्यायचे नाहीत. टोकाचा खड्डा भरून घासून घ्यायचा. जोडाची कड प्लेटमध्ये विरून गेल्यासारखी दिसली पाहिजे. नखाला पायरी लागली तर पुन्हा घासा.

नंतर पूर्ण फ्रेम भट्टीत, साधारण ५५० ते ६०० अंशांवर. वेल्डिंगने अडकलेला ताण तिथे सैल होतो. यंत्रकाम त्यानंतरच, आणि सगळ्या बैठका एकाच बांधणीत, म्हणजे फ्रेम मध्ये न सोडता. दोन धुरे समांतर राहिले नाहीत तर एका चाकाची कड रुळाला घासत राहते, आणि हा दोष चाकं बदलूनही जात नाही.

पातळ प्लेट काय करते याचं एक उदाहरण पुरे. ११ डिसेंबर २०१७ रोजी जपानमधली एक शिनकानसेन (अतिवेगवान) गाडी नागोयाला थांबवली गेली. बोगीच्या बाजूच्या पेटीची खालची प्लेट तडकली होती आणि तडा दोन्ही उभ्या बाजूंनी वर चढला होता. १७ सेंटिमीटर उंचीपैकी ३ सेंटिमीटर शाबूत उरले होते. तपासात निघालं की स्प्रिंगची बैठक नीट बसावी म्हणून प्लेट घासली गेली होती. रेखाचित्रात किमान ७ मिलिमीटर, प्रत्यक्षात एका जागी ४.७. कुणाला इजा झाली नाही.

(दृश्य : हवेची स्प्रिंग फुगते. डबा हळूहळू वर येतो.)

आता सस्पेन्शन. प्रवाशाला सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारी वर-खाली थरथर सर्वांत जास्त जाणवते. डबा सेकंदाला एकदाच डोलला तर त्रास होत नाही. पण सेकंदाला एक डोल हवा असेल तर डब्याच्या वजनाने स्प्रिंग २५ सेंटिमीटर दबली पाहिजे. यातून सुटका नाही, हे गुरुत्वाकर्षणाचं गणित आहे. ३० टनांचा रिकामा डबा गर्दीत ४२ टनांचा झाला की तीच स्प्रिंग आणखी १० सेंटिमीटर दबेल. फलाटाला लागून उभ्या डब्याचं दार १० सेंटिमीटर खाली गेलेलं चालत नाही.

म्हणून वरच्या थरात, फ्रेम आणि डब्याच्या मध्ये, हवेची स्प्रिंग. उंची मोजणारा व्हॉल्व्ह भार वाढला की हवा भरतो, घटला की सोडतो. पोलादी गुंडाळीचं वजनही वाचतं. मऊपणा हवेच्या एकूण आकारमानावर ठरतो, म्हणून जोडीला टाकी लागते. त्यात एक हुशारी आहे : अनेक बोग्यांत फ्रेमचा आडवा पोकळ भागच टाकी म्हणून वापरतात. वेगळी टाकी नाही, तिचे ब्रॅकेट नाहीत. स्प्रिंग आणि टाकीच्या मधल्या अरुंद छिद्रातून हवा ये-जा करताना डोलणं आवरतं. हवेची पिशवी फुटली तर आतली रबरी स्प्रिंग भार घेते. दोन्ही बाजूंच्या पिशव्यांना जोडणारा व्हॉल्व्हही उघडतो, नाहीतर डबा एका कुशीवर कलेल.

(दृश्य : तापून लाल झालेली गुंडाळी स्प्रिंग तेलात बुडते. पुढे छर्ऱ्यांचा मारा.)

खालच्या थरात, चाकजोडी आणि फ्रेमच्या मध्ये, अजून गुंडाळी स्प्रिंगच. एकात एक दोन बसवतात, आणि त्यांचे वळसे उलट दिशेचे ठेवतात, म्हणजे एक तुटली तरी तिचे वेढे दुसरीत अडकत नाहीत. छर्ऱ्यांनी पृष्ठभाग ठोकून दाबाखाली आणतात, मग तडा सहज उघडत नाही. तुटते तेव्हा बहुधा टोकाजवळ, पहिला वेढा शेजारच्या सपाट वेढ्याला घासून रंग जातो आणि गंज धरतो तिथे.

(दृश्य : रोलर रिग. चाकं जागेवर फिरताहेत, फ्रेम डावी-उजवीकडे फेकली जातेय.)

हा या फिल्ममधला सर्वांत अस्वस्थ करणारा शॉट. चाक किंचित शंकूच्या आकाराचं असतं. चाकजोडी डावीकडे सरकली की डावं चाक मोठ्या घेरावर चालतं, ती उजवीकडे वळते, तिथून परत डावीकडे. क्लिंगेल या जर्मन इंजिनिअरने १८८३ मध्ये या नागमोडी चालीची लांबी मांडली. ४६ सेंटिमीटर त्रिज्येचं चाक, शंकूचा उतार वीसास एक, तर एकट्या चाकजोडीची नागमोड १६.५ मीटर. ताशी १६० किलोमीटरला सेकंदाला २.७ झोके. चाक झिजून उतार पाचास एक झाला की लांबी निम्मी, झोके दुप्पट. एका ठरावीक वेगापुढे ते विरत नाहीत, वाढत जातात.

मग उतार कमीच का ठेवू नये? ४०० मीटर त्रिज्येच्या वळणात वीसास एकवाल्या चाकजोडीला आपोआप वळायला १७ मिलिमीटर सरकावं लागतं. चाकाच्या कडेआधी मोकळी जागा असते सहा ते आठ मिलिमीटर. कड रुळाला भिडते, किंचाळते, झिजते. पाचास एकला ४ मिलिमीटर पुरतात. सरळ मार्गावर जे घातक, तेच वळणावर उपयोगी. तोडगा फ्रेम आणि डब्याच्या मधल्या यॉ डँपरमध्ये, म्हणजे बोगीचं डावं-उजवं वळणं आवरणाऱ्या डँपरमध्ये आहे : हळू वळणाऱ्या बोगीला तो जाऊ देतो, वेगाने झोके घेणारीला अडवतो. त्याच्या टोकाचं रबर मऊ निवडलं तर डँपर नुसती स्प्रिंग होऊन बसतो आणि झोके परत येतात.

ही कंपनं जपानमध्ये ज्यांनी उलगडली ते तादाशी मात्सुदाइरा आधी नौदलाच्या विमानांच्या पंखांची फडफड अभ्यासत होते. १ ऑक्टोबर १९६४ ला शिनकानसेन ताशी २१० किलोमीटरने धावली ती त्यांच्या बोगीगणितावर.

(दृश्य : एका चाकाखाली जॅक. काट्यावरचे आकडे घटताना.)

कडक फ्रेमची किंमत इथे कळते. पिळलेल्या रुळावर चारपैकी एक चाक उचललं जातं. युरोपीय चाचणीत एका चाकाचा भार ६० टक्क्यांहून जास्त घटता कामा नये. कडक पेटीची फ्रेम पीळ घेत नाही, म्हणून खालच्या स्प्रिंगांनी तो घ्यावा लागतो. मालडब्याची तीन तुकड्यांची बोगी पीळ सहज घेते, कारण तिच्या बाजू एकमेकींना घट्ट जोडलेल्याच नसतात. त्यामुळेच वेगात ती तिरकीही होते.

बेअरिंग चाकांच्या आत घेतली तर धुरा आखूड आणि फ्रेम अरुंद होते, वजन घटतं. पण स्प्रिंगांमधलं अंतर २ मीटरवरून १.१ मीटर झालं की कलण्याला होणारा विरोध ३० टक्क्यांवर येतो, त्यासाठी जाड अँटिरोल बार, म्हणजे डब्याचं कलणं रोखणारा दांडा लागतो. कार्बन फायबरच्या पात्यांची बोगी २०१४ मध्ये जपानमध्ये प्रवासी सेवेत आली. पात्यांनी फ्रेमच्या बाजू आणि स्प्रिंग दोन्हींची जागा घेतली.

३ जून १९९८ ला जर्मनीत एशेडेला रेल्वे अपघातात १०१ माणसं गेली. कंपनं सस्पेन्शनमध्ये शोषण्याऐवजी चाकातच रबर घातलं होतं, आणि चाकाचं थकलेलं बाहेरचं कडं तुटलं.

(दृश्य : थकवा चाचणीचा मांडव. हायड्रॉलिक सिलिंडर फ्रेमला ठोकताहेत. वेळ पुढे सरकते.)

एक कोटी आवर्तनं. पहिली साठ लाख नेहमीच्या भाराखाली, पुढची वीस लाख भार १.२ पट करून, शेवटची वीस लाख १.४ पट. सेकंदाला पाच ठोके धरले तर २३ दिवस, रात्रंदिवस. मध्ये थांबून जोडांवर रंगद्रव्य फवारतात. पहिल्या दोन टप्प्यांत एकही तडा चालत नाही. तिसऱ्यात बारीक तडा चालतो, पण सेवेत असता तर लगेच दुरुस्त करावा लागला नसता इतकाच. दुसऱ्या टप्प्यात लाल रेष उमटली तर त्या कोपऱ्याची गोलाई वाढवतात किंवा जोड बाजूला नेतात, नवी फ्रेम बांधतात आणि आवर्तनं शून्यापासून मोजायला घेतात.