साठ मुलं, दोन माईक

[दृश्य: हेडफोन लावलेले चेहरे, एकामागून एक. आवाज बंद.]

या मंडळींना आम्ही काहीही सांगितलेलं नाही. कोण गातंय, कधीचं आहे, कुठलं आहे, काही नाही. गाणं ओळखीचं वाटेल, एवढंच म्हटलं होतं. आता पहिल्या काही सेकंदांत कपाळावर आठ्या कशा पडतात ते बघा. निळ्या शर्टातला हा तरुण हेडफोनची वायर हलवून बघतोय. बिघाड यंत्रात आहे अशी त्याची खात्री आहे.

[आवाज सुरू]

हे ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीचं १९६९ सालचं ‘स्पेस ऑडिटी’, अवकाशात झेपावणाऱ्या एका यात्रीचं गाणं. गातायत प्राथमिक शाळेतली मुलं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, व्हँकुव्हरजवळच्या लँगलीमधली. ‘इनोसन्स अँड डिस्पेअर’ या अल्बममधली ही रेकॉर्डिंगं १९७६-७७ची, म्हणजे परिसर तेव्हा शेतांचा, वस्ती विरळ, शाळा लहान लहान.

उलटी गणती संपते तिथे थांबा. यान सुटतं त्या जागी मूळ गाण्यात वाद्यवृंद चढत जातो. इथे मुलं मिळेल त्यावर तुटून पडतात: झांज, ढोल, घसरत जाणारी कर्कश तार. गाणं मोडतंय असं वाटेपर्यंत. आणि ते मोडत नाही. पुढच्या ओळीला सगळे बरोबर हजर.

[दृश्य: मेटॅलोफोन, अगदी जवळून. एक हात पट्ट्या उचलून बाजूला ठेवतो.]

हे वाद्य नीट पाहू, कारण अख्खा अल्बम यावर उभा आहे. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांनी गुनिल्ड केटमान यांच्यासोबत मुलांना संगीत शिकवायची जी पद्धत उभी केली, त्यातलं हे वाद्य. लाकडी पेटी, तिच्यावर सुट्या धातूच्या पट्ट्या. सुट्या, हे महत्त्वाचं. सी ते सी अशा सप्तकातून एफ आणि बी (सी म्हणजे सा धरला, तर म आणि नी) काढून ठेवले की उरतात पाच सूर, आणि त्या पाचांत कुठेही काठी मारली तरी फारसं खटकत नाही. ज्याला काहीच येत नाही असं मूलही पहिल्या दिवशी साथीला बसू शकतं. दोन पट्ट्या, एक ठेका, आणि आपली पाळी येईपर्यंत गप्प राहणं. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

आता शिक्षक. हान्स फेंगर रॉक गिटारवादक होते, मग शिक्षकाच्या नोकरीत आले. रूढ संगीतशिक्षणातलं आपल्याला जवळपास काही कळत नव्हतं, गाणं कसं शिकवतात हेही ठाऊक नव्हतं, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. मुलांसाठी म्हणून जी गाणी बनतात ती त्यांना आवडायची नाहीत. मोठ्यांनी वरून वाकून बोलल्यासारखी ती वाटायची. मुलांनाही तसलं गोडगोड नको होतं. एकटेपणा, दुःख, थोडी भीती, असलं काही असलेली गाणी मुलं जीव लावून गायची. म्हणून मग बीच बॉइज, पॉल मॅकार्टनी, ईगल्स. तेव्हा रेडिओवर वाजणारी गाणी, मोठ्यांनी मोठ्यांसाठी लिहिलेली.

[दृश्य: रिकामी व्यायामशाळा. लाकडी जमीन, उंच छत. कॅमेरा सावकाश फिरतो. एक टाळी.]

ऐकलीत टाळी? संपायला किती वेळ घेतला! लँगलीतलं गाणं अशाच जागेत, शाळेच्या व्यायामशाळेत झालं. ही ती शाळा नव्हे. फक्त घुमारा कळावा म्हणून ही जागा दाखवतोय. कठीण भिंती, कठीण जमीन, आवाज शोषेल असं काही नाही. गाणारी मुलं साठेक. रेकॉर्डिंगला दोन ट्रॅकचं टेप मशीन.

दोन ट्रॅक म्हणजे काय, हे आमच्या ध्वनितंत्रज्ञांनी जमिनीवर खडूनं आखून दाखवलं. स्टुडिओत प्रत्येक वाद्याला स्वतंत्र ट्रॅक मिळतो, नंतर बसून एकाचा आवाज वाढवा, दुसऱ्याचा उतरवा. इथे ती सोय नाही. जे काही करायचं ते आधी, आणि तेही माणसं हलवून. ढोल जड होतोय? त्याला मागे न्या. झायलोफोन ऐकू येत नाही? दोन पावलं पुढे. एकदा टेप फिरली की जे झालं ते झालं. चुकलं तर पहिल्यापासून, साठही जणांनी.

[दृश्य: ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर लाट.]

आणि आता तो सुरांचा प्रश्न, कारण ऐकणारे पहिल्यांदा तिथेच अडतात. ४४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांचा, एक सूर. त्याच्याबरोबर ४४३चा दुसरा. पडद्यावर बघा, सेकंदाला तीन वेळा आवाज फुगतोय आणि ओसरतोय. दोघं गात असतील तर हे बोचतं, आणि आपण म्हणतो कणसूर लागला. साठ जण गात असतील तर प्रत्येकाचा फरक वेगळा, प्रत्येकाची लाट वेगळी, आणि एकही ठळक ऐकू येत नाही. आवाज जाड होतो, त्याला लव फुटल्यासारखी वाटते. त्यावर व्यायामशाळेचा घुमारा. तंत्रज्ञांचं मत असं, की हा परिणाम मुद्दाम साधायचा म्हटलं तर बरीच यंत्रं जोडावी लागतील. तरीही अल्बम त्यांना आवडला नाही, हेही सांगून टाकतो. लय पळते, झांज वेळेआधी पडते, आणि हे सगळं ‘गोंडस’ म्हणून माफ करणं म्हणजे ऐकणाऱ्याचा आळस, असं त्यांचं म्हणणं.

[दृश्य: खोलीतली चर्चा. गाणं शिकवणाऱ्या बाई बोलतायत.]

बाईंना लय पळाल्याचं काही वाटत नाही. त्यांनी वेगळंच पकडलं. कोरसमध्ये एकही आवाज दाबलेला नाही. शाळेच्या गाण्यात नेहमी काही मुलांना, तू नुसते ओठ हलव, असं हळूच सांगितलं जातं. इथे तसं कुणाला सांगितलेलं ऐकू येत नाही, असं त्या म्हणाल्या. खोलीतले दोघं त्यावर हसले आणि लगेच गप्प झाले. कॅमेरा त्यांच्यावर आहे, आम्ही तो कापलेला नाही.

तिसरं मत कोपऱ्यातून आलं, आणि ते जरा झोंबणारं आहे. अल्बमचं नाव ‘इनोसन्स अँड डिस्पेअर’. निरागसपणा आणि हताशा. हे नाव मुलांनी दिलेलं नाही, फेंगर यांनीही नाही. ते आलं २००१मध्ये, मोठ्यांकडून, ही जुनी रेकॉर्डिंगं बाजारात आणताना. त्या श्रोत्याचा आक्षेप असा: मुलं आनंदानं वाजवतायत, आणि आपण हेडफोन लावून त्यांच्यात आपलं हरवलेलं बालपण शोधतोय. रडतोय तेही स्वतःसाठी.

मला यातलं अर्धं पटतं. नाव ऐकणाऱ्याला आधीच कलतं करून ठेवतं, हे खरं. पण तेवढ्यावर भागत नाही, कारण मग अल्बममधल्या ‘डेस्परॅडो’ या गाण्याचं काय करायचं?

[दृश्य: चेहरे. गाणं पूर्ण आवाजात. निवेदन थांबते.]

[निवेदन पुन्हा सुरू]

पियानो आणि एकच आवाज. गाणारी नऊ वर्षांची. मूळ गाणं ईगल्सचं, १९७३चं, विषय एक एकलकोंडा, हट्टी, म्हातारा होत चाललेला माणूस. तिला त्यातलं किती कळलं असेल, यावर खोलीत बराच वेळ वाद झाला. ती कुठेही गळा काढत नाही. शब्द सरळ म्हणते, ओळ संपली की श्वास घेते, पुढची ओळ म्हणते. मोठे गायक जिथे आवाज कापरा करतात तिथे ती फक्त सूर धरून ठेवते, आणि तो थोडा खाली राहतो. निळ्या शर्टाचा तरुण इथे काय करतो ते तुम्ही पाहिलंतच.

ध्वनितंत्रज्ञ मात्र शांतपणे म्हणाले, पियानो उत्तम वाजलाय. तोही एक अभिप्रायच.

[दृश्य: रेकॉर्ड फिरतेय. सुईचा क्लोजअप.]

त्या काळी या गाण्यांच्या दोन रेकॉर्ड निघाल्या होत्या, अगदी थोड्या प्रतींच्या, घरच्यांसाठी. पुढे जवळजवळ पाव शतकानं त्यातली एक जुन्या वस्तूंच्या दुकानात एका संग्राहकाच्या हाती लागली. तिथून ती अमेरिकेत अर्विन चुसिड या रेडिओ निवेदकांकडे गेली, आणि बार-नन रेकॉर्ड्स या कंपनीनं दोन्ही एकत्र करून बाजारात आणल्या. गाणारी मुलं तोवर तिशीत पोचलेली. परवाने, हिशेब, कुणाला काय मिळालं, तो वेगळाच विषय आहे आणि त्याचं आमच्याकडे चित्रण नाही. बोवी यांनी मात्र आपल्या गाण्याच्या या साथीची मनापासून तारीफ केली. असं काही आपल्याला सुचलंच नसतं, असं ते म्हणाले.

[दृश्य: मेटॅलोफोनभोवती खोलीतले श्रोते. बाई पट्ट्या काढून देतायत.]

चित्रण संपल्यावर बाईंनी वाद्य ताब्यात घेतलं. कुणालाही वाजवता येतं म्हणता ना, मग वाजवा. तंत्रज्ञ झांजेवर बसले. पहिल्या फेरीत त्यांची झांज वेळेआधी पडली, दुसऱ्या फेरीत उशिरा. तिसरी फेरी बरी झाली. ती ध्वनिमुद्रित करायची का, यावर ते अजून अडून आहेत: माईक आणखी मागे हवा, म्हणतात.